जकार्त्याचे सुवर्णपदक

श्रोते हो, आपले राष्ट्रगीत चालू असताना भोवतालचे एक लाख लोक हुर्यो उडवीत आहेत, आणि आपण मैदानाच्या मध्यभागी ताठ उभे आहोत, अशी कल्पना करून पाहा. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्त्याच्या सेनायन क्रीडागारात अकरा भारतीय तरुणांवर हा प्रसंग आला. त्यानंतर त्यांना फुटबॉलचा सामना खेळावयाचा होता. तोही अंतिम सामना, आणि तोही ज्या दक्षिण कोरियाने नऊच दिवसांपूर्वी त्यांना दोन गोलांनी हरविले होते त्याच संघाशी. तो सामना त्यांनी जिंकला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु तो कसा जिंकला आणि त्या विजयामागे किती वर्षांची शिकवणी होती, हे सांगणारे आता थोडेच उरले आहेत. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सकडून २-१ असा हरला. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या, तर निकाल कदाचित उलट लागला असता. लंडनकरांनी त्या अनवाणी पायांचे फार कौतुक केले, आणि मला वाटते त्या कौतुकानेच आपले नुकसान केले. १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत मेवालालच्या एका गोलाने इराणला हरवून आपण सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तर आपल्या पद्धतीत काही उणे आहे असे म्हणण्याची सोयच राहिली नाही. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले. आपला एक झाला. या १०-१ नंतर बूट सक्तीचे झाले. १९५४ च्या मनिला येथील आशियाई सामन्यांत आपण पहिल्या फेरीतच बाद झालो. दिल्लीचे विजेते तीन वर्षांत कोठल्या कोठे फेकले गेले होते.

या पडझडीतून ज्याने संघ उभा केला तो गृहस्थ हैदराबादचा एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. शिक्षकाची नोकरी, जोडीला हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे कार्यवाहपद आणि तेथील सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण, असा त्यांचा संसार होता. मुंबईकर श्रोत्यांना या पोलीस संघाची ओळख करून द्यावयास नको. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्यांनी कूपरेजवरून रोव्हर्स चषक हैदराबादला नेला. नोकरीच्या निमित्ताने मी काही काळ हैदराबादेत होतो. तेथील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रहीमसाहेब’ हे नाव आजही एखाद्या वडीलधाऱ्या शेजाऱ्याचे निघावे तसे निघते.

रहीमसाहेबांनी केले ते काय? आमच्याकडे फुटबॉलचा प्रेक्षक चेंडू पायात घोळवीत तीन-तीन गड्यांना चकविणाऱ्यावर खूष असे, आणि खेळाडूही प्रेक्षकांना खूष करण्यातच धन्यता मानीत. रहीमसाहेबांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की, त्यांत चेंडू घोळविण्यास मनाई! चेंडू आला की तो लगेच सहकाऱ्याकडे गेला पाहिजे. आणखी काही स्पर्धांत फक्त कच्च्या पायाने मारण्याची परवानगी असे. म्हणजे उजव्या पायाच्या मुलाने डावाच पाय वापरावयाचा. ज्याला पाढे येतात त्यालाच ते उलटे म्हणावयास लावणाऱ्या मास्तरांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. युरोपात हंगेरीचा संघ काय करतो आहे यावर त्यांचे बारीक लक्ष होते. सेंटर फॉरवर्डला मागे ओढून प्रतिपक्षाच्या बचावफळीला संभ्रमात टाकण्याची ती युक्ती त्यांनी आपल्या खेळाडूंच्या अंगी बाणविली.

फळ दिसू लागण्यास फार वेळ लागला नाही. १९५६ साली मेलबर्नला आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, त्यांत मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. संघ चौथा आला. १९५८ च्या तोक्यो आशियाई सामन्यांतही चौथाच क्रमांक पदरी पडला. १९६० साली रोममध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, हंगेरीकडून फक्त एका गोलाने पराभव झाला. पदक मात्र कोठेच नाही. सरकारी दप्तरात अशा प्रगतीला ‘समाधानकारक’ असा शेरा मिळतो आणि फाइल बंद होते. रहीमसाहेबांनी ती बंद होऊ दिली नाही.

आता जकार्त्याकडे वळू. तेथील सामन्यांचे वातावरण खेळापूर्वीच बिघडले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई सामन्यांच्या कल्पनेचे एक जनक असलेले आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. सभासद देशांना वगळून भरलेल्या सामन्यांना ‘आशियाई सामने’ हे नाव देता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तत्त्वतः ते बरोबरच होते, असे माझे मत आहे. पण तत्त्वाची किंमत पुष्कळदा ते मांडणाऱ्याहून दुसऱ्यालाच चुकवावी लागते. ३ सप्टेंबरला संतप्त जमावाने जकार्त्यातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सातच वर्षांपूर्वी बांडुंग परिषदेत ज्या दोन देशांनी खांद्याला खांदा लावला होता, त्यांच्यात हे घडावे! सोंधी जकार्ता सोडून गेले. खेळाडूंना जाता येत नव्हते. बसमधून जाताना आपण भारतीय आहोत हे बाहेरून दिसू नये म्हणून खाली वाकून बसावे लागे, असे त्या संघातील मंडळी पुढे सांगत. त्यांच्यात पगडीवाला जर्नेलसिंग होता. त्याला लपविणे कठीणच!

या जर्नेलसिंगाची हकीकत मुळातच ऐकण्यासारखी आहे. बालपणी फाळणीच्या वणव्यातून निभावलेला हा धिप्पाड शीख कलकत्त्याच्या मोहन बागान संघात बचावफळीचा आधारस्तंभ होता. जकार्त्यात पहिल्या सामन्यात, २६ ऑगस्टला, कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. दुसऱ्या सामन्यात थायलंडला आपण ४-१ असे नमविले, पण त्यात जर्नेलसिंगाच्या डोक्याला खोल जखम झाली आणि टाके घालावे लागले. आजच्याप्रमाणे पटापट बदली खेळाडू उतरविण्याचा तो काळ नव्हता. त्याच्यावाचूनच संघाने जपानला २-० असे हरवून उपान्त्य फेरी गाठली.

येथे प्रशिक्षकापुढे पेच पडला. बचावातील सर्वोत्तम गडी जखमी. चेंडू डोक्याने परतविणे हे बचाव करणाऱ्याचे नित्याचे काम, ते तो फारसे करू शकणार नाही. कोणीही शहाण्या माणसाने त्याला बाकावर बसविले असते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर पाठविले! बचावाची जागा अरुण घोषकडे दिली आणि बँडेज बांधलेला जर्नेलसिंग सेंटर फॉरवर्ड म्हणून दक्षिण व्हिएतनामविरुद्ध उतरला. जो आयुष्यभर गोल वाचवीत आला, त्याला गोल करण्याची आज्ञा झाली, आणि ती त्याने पाळली. दोन गोलांची आघाडी आपण गमावून बसलो होतो. अखेर कर्णधार चुनी गोस्वामीने निर्णायक गोल केला आणि सामना ३-२ असा आपल्याकडे आला. चुनीचे दोन, जर्नेलचा एक. या निर्णयाला कोणी जुगार म्हणेल. मला तो जुगार वाटत नाही. दहा वर्षे ज्याने खेळाडूंना कच्च्या पायाने खेळावयास लावले, त्याने एका गड्याला परक्या जागी खेळविले, एवढाच त्याचा अर्थ.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जवळ बोलावून, उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, सुवर्णपदकाची, एवढेच सांगितले, असे प्रदीपकुमार बॅनर्जी पुढे अनेकदा सांगत. रहीमसाहेबांचा खोकला त्या दिवसांत वाढला होता. तो कसला, हे नंतर कळावयाचे होते.

अंतिम सामन्यासाठी त्यांनी आणखी एक बदल केला. मधल्या काळात प्रद्योत बर्मनने गोल उत्तम सांभाळला होता. तरी तापातून उठलेल्या उंचापुऱ्या पीटर थंगराजला त्यांनी परत बोलाविले. कोरियन संघ चेंडू उंचावरून गोलपुढे टाकणार, हे पहिल्या पराभवात त्यांनी पाहून ठेविले होते. हरलेल्या सामन्याचा इतका उपयोग करून घेणारी माणसे थोडी.

सामना सुरू झाला. आपल्या गड्याने चेंडूला पाय लावला की चहूकडून आरडाओरडा होई. प्रेक्षकांत आपल्या बाजूने ओरडणारे कोण होते, ठाऊक आहे? पाकिस्तानचा हॉकी संघ! त्याच सामन्यांत आपल्याला हरवून हॉकीचे सुवर्णपदक नेणारी ही मंडळी फुटबॉलच्या वेळी भारताच्या नावाने ओरडत होती, असे आपल्या खेळाडूंनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. सतराव्या मिनिटाला बॅनर्जीने पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगाने दुसरा. तीन मिनिटांत क्रीडागार गप्प झाले म्हणतात. त्यानंतरचा तास-सव्वातास कोरियाने हल्ल्यावर हल्ले चढविले. घोष, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग यांनी ते परतविले आणि उंच चेंडू थंगराजने हातांत घेतले. शेवटी शेवटी कोरियाचा एक गोल झाला खरा, पण उशीर झाला होता. भारत २, दक्षिण कोरिया १.

त्या अकरांत मुंबईचे फुटबॉल खेळणारे दोघे होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. केरळचा ओ. चंद्रशेखर मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळे. फोर्तुनातो फ्रँको हा गोव्यातील कोलवाळचा, टाटांच्या संघातला हाफ बॅक. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत हा गोमंतकीय तरुण भारताच्या पोशाखात सेनायनवर उभा होता. हैदराबादचे बलराम आणि युसूफ खान, बंगालचे चार, पंजाबचे दोन. त्यांची मातृभाषा एक नव्हती, पण खेळाचे व्याकरण त्यांना एकाच मास्तरांनी शिकविले होते. पुढे १९६३-६४ चा संतोष चषक महाराष्ट्राने जिंकला, तेव्हा चंद्रशेखर आणि फ्रँको दोघेही त्या संघात होते.

तोवर रहीमसाहेब मात्र राहिले नव्हते. खोकला कर्करोगाचा होता. जकार्त्याच्या विजयाला वर्षही झाले नव्हते तोच, ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. आम्हां सरकारी नोकरांना एका गोष्टीची सवय असते. कोणी अधिकारी बदलून गेला, तर त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि काम चालू राहते. येथे तसे घडले नाही. ती खुर्ची पदाची नव्हतीच, त्या एका माणसाची होती. दुसरा रहीम तयार करण्याची तजवीज कोणी केली नव्हती. जडलेल्या सवयीच्या जोरावर संघ १९६४ च्या आशिया चषकात दुसरा आला, १९७० साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळाले. आशियाई सामन्यांतील फुटबॉलचे पदक त्यानंतर आपल्याला मिळालेले नाही, आणि ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत रोमनंतर आपला संघ उतरलेला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी गेले, एप्रिलअखेर चुनी गोस्वामी. २०२१ मध्ये फ्रँको आणि चंद्रशेखर, २०२३ च्या फेब्रुवारीत बलराम. तीन वर्षांच्या आत त्या अकरांतील पाच जण निघून गेले. बॅनर्जींना उतारवयात जकार्त्याविषयी कोणी विचारले की, ते आपल्या गोलाविषयी बोलण्याआधी रहीमसाहेबांविषयी बोलू लागत.