सर्वांना ठाऊक असणे : मेंढा ते कोरची

संगणकावर मिळून काम करण्याच्या शास्त्रात एक जुना प्रश्न आहे. माणसे दूरदूर बसून एकच काम करत असतील, तर दुसरा काय करतो आहे हे प्रत्येकाला कळायचे कसे? पॉल डुरिश आणि व्हिक्टोरिया बेलोटी यांनी १९९२ मध्ये याच जाणिवेवर निबंध लिहिला. इतरांच्या कामाची कल्पना असेल तरच आपल्या कामाला संदर्भ मिळतो, असे त्यांचे म्हणणे. मधोमध एक मोठा संगणक असला की सोपे जाते. तो सगळे पाहतो, सगळ्यांना सांगतो. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिले आणि प्रत्येकाच्या हाती कामाची पूर्ण प्रत आली. पण शेजाऱ्याने त्याच्या प्रतीत काय बदलले, ते मागून घेतल्याशिवाय कळेना. मग तीच मंडळी 'गिटहब'वर, म्हणजे पुन्हा एका ठिकाणी, गोळा झाली. याला मी गंमत म्हणत नाही. केंद्र नाकारणे सोपे आणि केंद्र करत असलेले काम वाटून घेणे अवघड, एवढाच त्याचा अर्थ.

हाच प्रश्न मला गडचिरोलीच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात दिसतो.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. इचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध १९८०च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले, त्यातून हे गाव जागे झाले. गावाने आपले घोटुल नव्याने बांधले. परवानगीवाचून लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. पण बातमी गावोगाव पोचली होती. आजूबाजूच्या गावांनीही घोटुल उभारायचे ठरवले, तेव्हा खाते थांबले. एका गावाला अडवता येते. एकमेकांची खबर असलेल्या गावांना अडवणे जड जाते.

यापुढे मेंढ्याने जे केले त्याची चर्चा 'सर्वसहमती' या एका शब्दावर संपते, आणि तिथेच बहुतेकांचे वाचन चुकते असे मला वाटते. ग्रामसभेत बहुमत मोजत नाहीत. एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलतात. ऐकायला हे फार सुंदर वाटते. पण नुसते एवढेच असते तर कुठलाही निर्णय झाला नसता. ते चालते अभ्यासगटामुळे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामात अभ्यासगटाला मोठे स्थान होते. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तिथे फक्त बोलायचे, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे. ज्याला यायचे त्याने यावे. ग्रामसभा बसते तोवर कोणाचे काय म्हणणे आहे, कोण कुठे अडतो आहे, हे बहुतेकांना ठाऊक झालेले असते. जाणीव आधी, निर्णय नंतर. मला यात गावाची खरी कारागिरी दिसते.

पण गावाच्या आत सारे ठाऊक असून भागत नाही. वनहक्क कायदा २००६चा. १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढ्याला १८०९.६१ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद घरात आला, तरी बांबू गावाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. किती बांबू तोडला, कुठे गेला, याचे पुस्तक ज्याच्याकडे, जंगल व्यवहारात त्याचेच. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. समारंभाची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. मला त्यातले पुस्तक महत्त्वाचे वाटते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये १००६ हेक्टरांवर हक्क मिळवला आणि तेंदूपान तोडणेच सोडले. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते, त्याने जंगल बिघडते असे गावाला दिसले. बांबूवर राहिलेले बरे. हा त्याग एका गावाच्या आवाक्यातला होता.

तेंदू विकणाऱ्या गावांची गोष्ट वेगळी. २०१३ पासून काही ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला घेतला. ठेकेदार मात्र गावागावाशी वेगळे बोलतो. शेजारच्या गावाने गोणीमागे किती घेतले, आगाऊ रक्कम किती, पैसे कधी, हे या गावाला कळले नाही की त्याचे फावते. २०१७ ला भाव चढले आणि २०१८ ला कोसळले, तेव्हा ही दरी उघडी पडली. ज्याची माहिती तोकडी त्याचा करार कच्चा, आणि थकबाकी वसूल करायला त्याला पुन्हा एकट्यानेच धावावे लागते.

कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, ती याच काळात. प्रत्येक ग्रामसभेतून प्रतिनिधी येतात, त्यात दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. ही सभा गावांवर हुकूम चालवत नाही. भाव, ठेकेदार, कायद्यातले खाचखळगे यांची देवाणघेवाण इथे होते, आणि मान्यता शेवटी आपापल्या ग्रामसभेनेच द्यायची. म्हणजे प्रतिनिधीने परत जाऊन सांगायचे, गावाने विचारायचे, शंका घेऊन तो पुन्हा यायचा. वेळ जातो, तेंदूचा हंगाम काही आठवड्यांचाच असतो आणि ठेकेदाराची गाडी थांबत नाही.