मेंढी व्यायल्यावर तिचा खुराक का वाढवायचा? कोकराच्या वजनाचं गणित समजून घ्या

लातूर आणि नांदेडमध्ये दख्खनी मेंढ्यांचे कळप माळरानावर आणि पिकं निघालेल्या रानात चरतात. मेंढी व्यायल्यावरही अनेकदा तिला तेवढाच चारा मिळतो. पण कोकराला पाजणाऱ्या मेंढीची गरज दीड ते दोन पट वाढलेली असते. ही तूट शेवटी कोकराच्या वजनात दिसते.

पहिले दोन महिने महत्त्वाचे का?

कोकराचं वजन 1 किलोने वाढायला साधारण 5 लिटर दूध लागतं. म्हणजे रोज 100 ग्रॅम वाढ हवी असेल, तर रोज अर्धा लिटर दूध हवं. व्यायल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात मेंढीला सर्वाधिक दूध असतं. तेव्हा चारा कमी पडला, तर ती अंगावरची चरबी वापरून दूध देते. मग मेंढी खंगते, दूध आटतं आणि ती पुन्हा माजावर यायला उशीर होतो.

काय द्यायचं?

- खुराक: चरून आल्यावर रोज 250 ते 300 ग्रॅम. मका किंवा ज्वारीचा भरडा, सरकी पेंड आणि तुरीची चुनी यांचं मिश्रण चालतं. लातूरमध्ये डाळ मिल असल्याने चुनी जवळच मिळते.
- सुका चारा: तूर, हरभरा, सोयाबीनची गुळी. उन्हाळ्यासाठी ती सुगीतच साठवावी.
- सोबत: सुबाभूळ किंवा शेवरीचा पाला, क्षार मिश्रण आणि भरपूर स्वच्छ पाणी.

काय टाळायचं?

एकदम जास्त धान्य देऊ नये. त्याने पोट बिघडतं, आंत्रविषाराचा धोका वाढतो. खुराक 8 ते 10 दिवसांत हळूहळू वाढवावा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी.

कोकराला वेगळं काय?

जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पाजावा. दोन-तीन आठवड्यांनी कोवळा पाला आणि थोडा भरडा वेगळ्या जागी ठेवावा, म्हणजे मोठ्या मेंढ्या तो खाणार नाहीत.

खर्च किती?

60 दिवसांत एका मेंढीला 15 ते 18 किलो खुराक लागतो. सगळ्या कळपाला देणं परवडत नसेल, तर आधी जुळी व्यायलेल्या, पहिलटकर आणि खंगलेल्या मेंढ्यांना द्यावा. नेमकं प्रमाण जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येतं. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.