‘लुटणे’ : अर्धंच लंडनला गेलेलं क्रियापद

मारेगावच्या बाजारात कुणी ‘त्यानं लुटलं मले’ म्हटलं, तर ऐकणारा पोलिसांकडे धावत नाही. भाव जास्त लावला, एवढंच त्याला कळतं. दसऱ्याला आपण सोनं लुटतो, बोरन्हाणात पोरं बोरं लुटतात, सुट्टीत मजा लुटतात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया वाण लुटतात. हे शेवटचं जरा थांबून बघा. वाण लुटणारी बाई काही घेत नाही, ती वाटते!

आपल्या शब्दाचा हा अर्धा भाग इंग्रजीत गेलाच नाही. गेली ती फक्त हिसकावणारी ‘लूट’. मूळ संस्कृत धातू ‘लुण्ट्’. तिथून हिंदी, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या लोकांच्या तोंडी. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तिची नोंद आहे. चीनची लढाई, क्रिमियाचं युद्ध आणि १८५७ यांतून हा शब्द इंग्रजीत रुळला, असं तो कोश सांगतो. शेजारीच ‘लूटीवाला’ही आहे.

इंग्रजीत चोरीच्या शब्दांची वाण नव्हती. ‘स्टील’ म्हणजे वस्तू चोरणं, ‘रॉब’ म्हणजे माणसाला किंवा बँकेला लुबाडणं. फोन ‘स्टील’ होतो, तुम्ही ‘रॉब’ होता. ‘लूट’ला मात्र गोंधळ लागतो : युद्ध, दंगल, पूर, पळापळ. राज्य कुणाचं हे कळत नाही, अशा वेळेचं ते क्रियापद आहे.

तशी वेळ आपल्या भागानं पाहिली आहे. एप्रिल १८१८ मध्ये पळत सुटलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनं पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठलं. मारेगावच्या शेजारचाच हा मुलूख. पेशव्यांचं सैन्य इथे फुटलं, आणि जूनमध्ये बाजीराव शरण गेला.

मग विजेत्यांच्या हाती लागलेल्या मालाचं काय झालं? त्याला कागदोपत्री ‘लूट’ म्हणत नसत. त्याचं नाव ‘प्राइझ’. ‘डेक्कन प्राइझ मनी’ कोणत्या सेनापतीच्या फौजेला किती, यावरून इंग्लंडात वर्षानुवर्षं भांडण चाललं. पेंढाऱ्यानं नेली ती लूट, गोऱ्या शिपायानं नेलं ते बक्षीस! नियम होते, हिशेब होते, हे खरं. पण ज्याच्या घरातून माल गेला, त्याला त्या हिशेबात जागा नव्हती.

रायगडचा किल्लेदार नारोबा याचंच बघा. त्याचा खजिना इंग्रजांनी पुण्यात जप्त केला, तेव्हा शहर कित्येक महिने त्यांच्याच ताब्यात होतं. पुढे वारसदार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि चक्क जिंकले. १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला : ही युद्धातली जप्ती, दिवाणी कोर्टाला यात हात घालता येत नाही. मला यात सगळ्यात बोचतं ते हे, की निकाल माल कुणाचा यावर लागलाच नाही. लागला तो त्या कृतीला काय म्हणायचं यावर.

हा वाद आपल्याकडेही जिवंत आहे. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वाऱ्यांना ‘लूट’ म्हणावं का, यावरून २०२४ मध्ये पुढारी एकमेकांवर तुटून पडले होते. शब्द जुना मराठीच, पण आता कानावर पडताना तो इंग्रजी अर्थानं पडतो.

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती परत आणली. सरकारी कागदात तिची नोंद अर्थातच ‘खरेदी’.