शाहीर, अमर, शेख

सांडोरला आमच्या गल्लीत दारांवरच्या पाट्या वाचत गेलात तर डिसोझा, परेरा, लोपीस अशी नावं दिसतील. मधेच एका दारावर आमचं नाव आहे. पण या सगळ्या दारांच्या आत भांडण असो, बाजारहाट असो की लग्नातलं गाणं, सारं मराठीतच चालतं, आपापल्या बोलीत. नावावरून माणसाची भाषा ओळखायला गेलात तर वसईत फसाल. इथल्या लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

वसईबाहेर मात्र "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, तरी ते लागतं. त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर असे: "संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्याच्या आवाजाने सुरू व्हायच्या, त्या शाहिराचं आडनाव शेख होतं." समोरचा गप्प व्हायचा आणि मला बरं वाटायचं.

गेल्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. त्याला फिलिपिन्स, इंडोनेशिया इथले गायक ऐकायचा नाद आहे. स्वतः लिहिणारे, स्वतः चाल लावणारे आणि कुठल्या मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेले गायक त्याला आवडतात. त्यानेच मला फ्रेडी अगिलार यांच्याबद्दल सांगितलं. १९७८ साली स्वतः लिहिलेल्या 'अनाक' या गाण्याने ते देशाबाहेरही गाजले. पुढे १९८६ साली मार्कोस यांच्या विरोधात मनिलाच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, तेव्हा त्या आंदोलनातही त्यांचा आवाज होता. २०१३ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला.

"मामू, आपल्याकडे असं कुणी झालं का?"

मी ऐटीत सांगितलं, "शाहीर अमर शेख."

"मग त्यांचं एखादं गाणं म्हणून दाखवा ना."

मला एकही गाणं पुरतं येत नव्हतं. ज्यांचं नाव मी वर्षानुवर्षं दाखल्यासारखं खिशात घेऊन फिरलो, त्यांची चार कडवीही माझ्याजवळ नव्हती. हा लेख त्या शरमेतून लिहितो आहे.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर गरीब. लोकगीतांचा वारसा त्यांना आईकडून मिळाला. शाळा फार झाली नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत काम केलं. गिरणी कामगारांच्या संपात पुढे राहिले म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेले. तिथून कम्युनिस्ट चळवळीत आले आणि मेहबूब पटेल यांचे अमर शेख झाले.

हे नाव जरा सावकाश वाचून पाहा. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर'वरून आलेला. 'अमर' संस्कृत. 'शेख' पुन्हा अरबी. तिन्ही शब्द एकत्र आले की जे नाव होतं, ते मराठीशिवाय दुसऱ्या कुठल्या भाषेतलं वाटतच नाही. नाव बदलण्याची संधी असताना या माणसाने 'शेख' लपवलं नाही, उलट पुढे केलं.

त्यांच्याआधीही ही वाट होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी बाळा, राम जोशी, परशराम यांच्या पंक्तीत सगनभाऊंचं नाव घेतलं जातं. ते मुसलमान, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले. त्यांच्या लावण्या ऐकताना कुणी त्यांच्या मराठीचं कौतुक वेगळं काढून केलं नसावं.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख ही तिथली तीन मोठी नावं. वाटेगावचा मातंग समाजातला अण्णाभाऊ आणि बार्शीचा मुसलमान अमर शेख गिरणगावच्या चाळींसमोर, कामगारांच्या सभांत एका मंचावर उभे राहत. सोबत डफ आणि तुणतुणं. आजच्या अर्थाने 'स्वतंत्र' कलावंत त्यांना म्हणावं का, असं भाचा विचारील. ते पक्षाचे कार्यकर्ते होते, हे खरं. पण त्यांचा मंच रेकॉर्ड कंपनीने दिलेला नव्हता. तो ऐकणाऱ्यांनी दिला होता.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि पुढे शंभराहून जास्त माणसं हुतात्मा झाली. त्या वर्षांत आचार्य अत्र्यांसारखे वक्ते बोलायला उभे राहण्याआधी मैदानावरची गर्दी बांधून ठेवायचं काम अमर शेख यांचा पहाडी आवाज करायचा. १ मे १९६० ला राज्य मिळालं.

पण ते फक्त सभेचे गायक नव्हते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, 'पहिला बळी' हे नाटक आहे. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांनी कामही केलं. २९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ५२.

त्यांची आणि कुसुम जयकर यांची मुलगी मराठीतली महत्त्वाची कवयित्री. ती आडनाव म्हणून वडिलांचं अख्खं नाव लावते: मलिका अमर शेख. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासनही आहे. म्हणजे नाव टिकलं. गाण्यांचं काय? मला ऐकायला मिळालेली त्यांची ध्वनिमुद्रणं मोजकीच आहेत.

आपण मराठी मुसलमान त्यांची आठवण केव्हा काढतो? बहुतेक वेळा कुणी आपल्या मराठीपणावर शंका घेतली की. म्हणजे ज्या कवीने कामगाराच्या भुकेवर लिहिलं, त्याला आपण रहिवासी दाखला करून ठेवलं. हा अन्याय दुसऱ्या कुणी केलेला नाही, मीही त्यात आहे.

त्या संध्याकाळी शेजारचे म्हातारे काका अंगणात बसले होते. तरुणपणी मुंबईत नोकरी केलेले, रविवार न चुकवता चर्चला जाणारे. त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि एक चाल गुणगुणायला लागले. दोन ओळी आल्या, तिसरीला शब्द अडले, पण चाल थांबली नाही. भाच्याने फोन पुढे धरून ती टिपून घेतली. शब्द आता आम्ही शोधतो आहोत.

तुमच्याही घरात, मोहल्ल्यात, चाळीत त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं कुणी असेल. वय ऐंशीच्या आसपास असेल. त्यांच्यापाशी जाऊन बसा, आणि आठवेल तेवढं टिपून घ्या, अडलेल्या तिसऱ्या ओळीसकट.