फसलेल्या प्रयोगातून ताणाचा शोध

परीक्षेची घंटा झाली की मुलांच्या छातीत धडधडू लागते. हे काम अॅड्रिनॅलिनचे. त्यापाठोपाठ काही मिनिटांतच दुसरे संप्रेरक रक्तात वाढू लागते. ते म्हणजे कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थरात ते तयार होते. या थराचे ताणाशी असलेले नाते उलगडले ते एका फसलेल्या प्रयोगातून.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात हान्स सेल्ये लैंगिक संप्रेरकांवर काम करीत होते. उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचल्यावर त्यांना तीन बदल दिसले. अधिवृक्क ग्रंथींचा बाह्य थर वाढला, थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले असे त्यांना वाटले. पण इतर अवयवांचे अर्क टोचले तरी तेच! शेवटी नुसते फॉर्मॅलिन टोचले, तरीही तेच तीन बदल.

म्हणजे नवे संप्रेरक नव्हतेच. मग सेल्ये यांनी प्रश्नच बदलला. कारणे वेगळी असून परिणाम सारखा का? थंडी, जखम, अतिश्रम यांनीही तेच घडते, हे त्यांनी ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मधील छोट्या पत्रात मांडले. ‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांनी पुढे रूढ केला.

पण अधिवृक्क ग्रंथींना हुकूम कोण देते? पीयूषिका ग्रंथी काढलेल्या उंदरांत त्या वाढत नव्हत्या. म्हणजे हुकूम पीयूषिकेमार्फत येत होता. पीयूषिकेला जागे करणारे द्रव्य मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते, हे १९५५ मध्ये सेल्ये यांचेच विद्यार्थी रॉजर गिलमँ यांच्या गटाने आणि मॅक्गिलमधील सॅफ्रन व शॅली यांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्याची रचना मात्र १९८१ मध्ये कळली. मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून वायली व्हेल यांच्या गटाने ते शुद्ध केले. ती ४१ अमिनो आम्लांची साखळी निघाली.

या साखळीला लगामही आहे. अधिवृक्क ग्रंथींचा अर्क भरपूर दिल्यास उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी झिजतात, हे ड्वाइट इंगल यांनी १९३० च्या दशकातच दाखवले होते. कॉर्टिसॉल वाढले की तेच हायपोथॅलॅमस आणि पीयूषिकेला थांबवते. म्हणूनच दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. सुस्तावलेल्या ग्रंथींना जागे व्हायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

सगळे ताण अगदी एकच प्रतिसाद घडवतात, हे सेल्ये यांचे म्हणणे पुढे तसेच टिकले नाही. तरी प्रयोगवहीतले ‘चुकलेले’ उत्तर खोडण्यापूर्वी ते का आले, हे विद्यार्थ्याला जरूर विचारावे.