फुकटचा पहारेकरी

गेल्या शनिवारी सकाळी पातूरहून बाबांचा फोन आला. रिटायर झाल्यापासून घरच्या कॉम्प्युटरवर त्यांची दोनच कामं असतात. बातम्या वाचायच्या आणि बँकेचं खातं बघायचं.

"हे पाय ना, कोपऱ्यात लाल पट्टी येऊ राह्यली. म्हन्ते काम्प्युटरात व्हायरस हाय, साफ कराले इथं दाबा. फुकट हाय म्हन्ते. दाबू का?"

"दाबू नका!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मंग दुसरं फुकटचं सांग एखादं. इंजिनिअर कायले झाला तू?"

घ्या! हापिसात दिवसभर सर्व्हर सांभाळणाऱ्या मला या साध्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येईना. घरच्या कॉम्प्युटरला फुकटचं अँटी-स्पायवेअर पुरतं का? 'हो' म्हणावं तरी पंचाईत, 'नाही' म्हणावं तरी पंचाईत. म्हणून अख्खा वीकांत याच्या इतिहासात घातला. त्याला एक जुनं कारणही आहे.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर २००६ साली आला, मी तेव्हा चौथीत होतो. अकोल्याला असेंबल करून घेतला आणि एसटीने आणला. मॉनिटर बाबांच्या मांडीवर, सीपीयू पायाशी आणि स्पीकर माझ्याकडे. विंडोज एक्सपी अर्थातच पायरेटेड, दुकानदाराने 'टाकून दिलेली'. भारनियमनातून उरलेल्या वेळात आम्ही इंटरनेट लावायचो. सहा महिन्यांत ब्राउझरवर तीन टूलबार येऊन बसले, होमपेज आपोआप बदलायला लागलं, नेट बंद असतानाही जाहिराती उघडायला लागल्या. दुरुस्तीवाल्याचं निदान ठरलेलं : "फॉरमॅट मारावा लागेल." त्याने मारला. ताईच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात गेले. ते आजतागायत मिळालेले नाहीत, आणि आईने तो विषय आजतागायत सोडलेला नाही. :)

तर माझा खरा प्रश्न असा, की तेव्हा एखाद्या फुकटच्या सॉफ्टवेअरने ते फोटो वाचले असते का?

या गोष्टीची सुरुवातही फुकटेपणातूनच होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी छोटी छोटी सॉफ्टवेअर फुकट वाटायची आणि त्यात जाहिराती दाखवून पैसे कमवायचे, असा धंदा सुरू झाला. जाहिरात दाखवणारा तुकडा वेगळ्याच कंपनीचा असायचा आणि तो गुपचूप नेटवरून आपल्या मालकाशी बोलायचा. अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरला २००० साली स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ऑरिएट नावाच्या कंपनीचा असा तुकडा सापडला. त्याने तो काढून टाकणारं 'ऑप्टआउट' नावाचं साधन लिहिलं आणि लोकांना दिलं. त्याच सुमारास लावासॉफ्टचं 'अ‍ॅड-अवेअर' आणि जर्मनीच्या पॅट्रिक कोला याचं 'स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय' आलं. दोन्ही घरगुती वापरासाठी फुकट. म्हणजे रोग फुकटच्या सॉफ्टवेअरमधून आला, आणि औषधही फुकटच मिळालं.

रोग मात्र झपाट्याने पसरला. गाणी उतरवायला काझा घेतलं की त्याच्यासोबत जाहिरातवाले यायचे. गेटर पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि त्या बदल्यात तुम्ही कुठे फिरता ते बघायचा. बोन्झी बडी नावाचा जांभळा माकडोबा स्क्रीनवर गाणी म्हणायचा. यात गंमत अशी की 'आय अ‍ॅग्री' आपणच दाबलेलं असायचं. व्हायरस भिंत फोडून आत येतो, यांना आपण दार उघडून चहा पाजला होता! अँटीव्हायरस कंपन्या सुरुवातीला यांच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत याचं एक कारण हेच. कायद्याच्या भाषेत ते पाहुणे होते.

मग या साधनांचा उपयोग झाला का? २००४ साली अमेरिकेत एओएल आणि नॅशनल सायबर सिक्युरिटी अलायन्स यांनी ३२९ घरांतले कॉम्प्युटर प्रत्यक्ष तपासले. ८० टक्के घरांत स्पायवेअर निघालं आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच वर्षी एरिक हाउज या संशोधकाने वीसेक अँटी-स्पायवेअर एकाच मापाने तपासली. निष्कर्ष दोन. एक, कुठलंही एकटं साधन सगळं काढू शकत नाही, सगळ्यात चांगल्याकडूनही महत्त्वाच्या फाइलींपैकी जवळपास चौथा हिस्सा सुटला. दोन, म्हणून दोन-तीन साधनं मिळून वापरावीत.

असं का व्हायचं ते समजायला सोपं आहे. ही साधनं ओळखपरेड घ्यायची. माहीत असलेल्या चोरांची यादी हातात, आणि एकेका फाइलीचा चेहरा तिच्याशी ताडून बघायचा. चोराने मिशी काढली की यादी जुनी. शिवाय काही स्पायवेअर जोडीने राहायचे. एकाला हाकललं की दुसरा त्याला परत बोलवायचा. कूलवेबसर्च तर इतक्या रूपांत आलं की मेरायन बेलेकोम या डच विद्यार्थ्याने फक्त त्याच्यासाठी वेगळं साधन लिहिलं. तेही फुकट. परीक्षेचा अभ्यास सांभाळून हे करणाऱ्या माणसाला माझा दंडवत.

पण लोकांचा 'फुकट'वरचा हाच विश्वास तिसऱ्यांनी वापरला. स्पायशेरीफ, विनफिक्सर अशी खोटी अँटी-स्पायवेअर निघाली. तपासणी फुकट, तिच्यात हमखास शेकडो धोके सापडणार आणि ते काढायचे तर कार्ड नंबर द्या. चोरानेच पोलिसाचे कपडे घातले. बाबांची लाल पट्टी याच घराण्यातली.

डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची छोटी अँटी-स्पायवेअर कंपनी विकत घेतली. हाउजच्या परीक्षेत तिचाच पहिला नंबर होता. तिच्यातून २००६ साली 'विंडोज डिफेंडर' आलं, फुकट. आणि इथेच आमच्या घराची गोष्ट अडते. डिफेंडर उतरवायचं तर आधी विंडोज अस्सल असल्याची तपासणी व्हायची. पायरेटेड एक्सपीला प्रवेश नाही. वर "तुमची विंडोज खरी नाही" अशी पाटी लागू नये म्हणून दुकानदार अपडेटच बंद करून द्यायचे. म्हणजे जगभर फुकट वाटलं जाणारं औषध पातूरपर्यंत पोचलं, पण दाराशी रेशनकार्ड मागत होतं. अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट कुणी कार्ड न बघता देत होते, पण ते आम्हाला सांगणार कोण? दुरुस्तीवाल्याचं पोट फॉरमॅटवर होतं.

महाराष्ट्रातलं उत्तर वेगळ्या वाटेने आलं. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरस दिसायचे. कॉम्प्युटर शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' उभं राहिलं. दुरुस्तीच्या टेबलावरूनच, पण फॉरमॅटच्या उलट दिशेने. ते विकतचं होतं, फुकट नव्हे. पण गल्लीतल्या दुकानात मिळायचं, आणि अडलं की फोन करून आपल्या भाषेत विचारता यायचं. पुढे २०१७ मध्ये सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' काढलं, तेव्हा तिथल्या मोफत सफाई-साधनांत क्विक हीलचंही साधन होतं.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात झोंबलेला भाग. अव्हास्ट हे जगातल्या लोकप्रिय फुकट अँटीव्हायरसपैकी एक. जानेवारी २०२० मध्ये बाहेर आलं की ते वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती त्यांचीच 'जंपशॉट' ही उपकंपनी विकत होती. जंपशॉट लगेच बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. हेरांपासून वाचवायला ठेवलेला पहारेकरीच वहीत नोंदी करत बसला होता. वीस वर्षांनी फिरून आपण गिब्सनच्याच टेबलापाशी.

तर माझा निष्कर्ष. फुकटची साधनं चालायची, आणि चालतात. पण "फुकट आहे का" हा प्रश्नच चुकीचा आहे. "मग याचे पैसे कोण देतंय" हा खरा. गिब्सन आणि बेलेकोम यांनी आपला वेळ दिला. मायक्रोसॉफ्टला विंडोजची अब्रू वाचवायची होती, म्हणून तिने पैसे दिले. अव्हास्टच्या बाबतीत ते तुम्हीच देत होता, फक्त पावती मिळत नव्हती.

असो. बाबांच्या कॉम्प्युटरवर फोनवरूनच काम केलं. व्हायरस नव्हताच. कुठल्याशा बातम्यांच्या साइटने "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं होतं आणि बाबांनी सौजन्याने 'अलाउ' दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढली, पट्टी गेली. विंडोजच्या डिफेंडरने पूर्ण तपासणी करून घेतली, काही निघालं नाही.

"मंग फुकटचं काही टाकू नको?"

"आहे ते फुकटचंच आहे बाबा. या वेळी विंडोज अस्सल आहे आपली."

तरी बँकेचं काम मी तूर्त थांबवायला सांगितलंय. मशीन विंडोज १० वर आहे, तिची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पहारेकरी जागा असला तरी दाराची कडी जुनी झालीय. आणि "बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका" म्हणणाऱ्या फोनपुढे तर कुठलंच साधन चालत नाही, फुकटचंही नाही आणि विकतचंही.

आणि ते फोटो? मला वाटतं, अ‍ॅड-अवेअर आणि स्पायबॉट दोन्ही लावले असते तर तो फॉरमॅट बहुधा टळला असता. पण नक्की वाचवलं असतं ते चार-पाच रुपयांच्या... बरं, पंधरा रुपयांच्या एका कोऱ्या सीडीने. पुढच्या शनिवारी पातूरला जातोय, सोबत बाहेरची हार्ड डिस्क घेऊन. आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर विषय पुन्हा निघेल.