गाण्याचे मासिक कोणाच्या हाती द्यावे?

दिवाळीचा अंक हाती आला की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो, मग अनुक्रमणिका चाळतो आणि आवडत्या लेखकाचे पान उघडून फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो. हा अंक आपल्या दारापर्यंत कोणी पोहोचविला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्या अंकाचे गठ्ठे बांधणाऱ्यांची आणि वेष्टनांवर पत्ते लिहिणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक असणार? खरे पाहता मासिकाचे निम्मे आयुष्य संपादकाच्या मेजावर जाते आणि निम्मे टपालाच्या थैलीत. गाण्याच्या मासिकाच्या बाबतीत तर थैलीचाच वाटा मोठा.

हा विषय माझ्या मनात घोळू लागला तो बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याच्या काही विद्यार्थ्यांमुळे. गेवराई तालुक्यातले हे गाव. तिथल्या मुलामुलींनी आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाच्या चाली आणि गोंधळ्यांची पदे ऐकून त्यांचे स्वर कागदावर उतरविले आणि एक हस्तलिखित मासिक सिद्ध केले. ते छापून गावोगावी पाठवावे असा त्यांचा मनोदय. एका शहरी प्रकाशकाने उत्साह दाखविला. पण त्याच्या करारनाम्यात एक ओळ होती : अंकातील सर्व गीतांचे हक्क कायमचे प्रकाशकाकडे राहतील. “सर, आजीची ओवी मग आजीची राहील का?” एका मुलीने मला विचारले. मी इतिहासाचा माणूस. उत्तर शोधायला मागे गेलो.

फार मागे जावे तर आमच्याच जिल्ह्यातले अंबेजोगाईचे दासोपंत भेटतात. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून ठेविले आणि रागदारीत गाता येतील अशी असंख्य पदे रचिली. त्यांचा प्रकाशक कोण? शिष्य, वंशज आणि मठ. ज्याला पद गाता येई तोच त्याची नक्कल करी, आणि पुढच्या गावी तोच ते पोहोचवी. छापखाना येण्यापूर्वी गाणारा हाच गाण्याचा वितरक होता.

छापखाना आला आणि प्रश्न अवघड झाला. गाण्याचे नुसते शब्द छापून भागत नाही. स्वर, सप्तक आणि मात्रा यांच्या खुणाही छापाव्या लागतात. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मुंबईत ‘गायन समाज’ काढला आणि ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही काही काळ चालविले. पण दम्याच्या विकाराने बुवांना मुंबई सोडावी लागली. केवळ एका माणसाच्या श्वासावर चालणारे मासिक त्या श्वासाबरोबरच अडखळणार, हा पहिला धडा.

बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी दुसरी वाट धरली. १९०१ च्या ५ मे रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराला पाय मोडल्यासारखी खूण, मंद्र स्वरावर टिंब, तार स्वरावर उभी रेघ, आणि प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाचे निराळे चिन्ह असे. असले खिळे साध्या छापखान्यात कोठून असणार? आणि असले तरी ‘रे’खालच्या शून्याचा अर्थ अर्धी मात्रा, हे जुळाऱ्याला कोण सांगणार? पंडितजींनी विद्यालयाचा स्वतःचा छापखाना उभारला, क्रमिक पुस्तके काढली आणि ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिक चालविले. उपदेशक वर्गातील विद्यार्थी विद्यालयातच राहत, जेवत, शिकत आणि पुढे गावोगावी शिक्षक म्हणून जात. जिथे असा एक शिक्षक गेला तिथे पुस्तकांना आपोआप गिऱ्हाईक मिळाले. दुकानदाराची मनधरणी नको, उधारी नको, परत आलेल्या प्रतींचा ढीग नको.

मात्र सगळा भार आपल्याच शिरावर घेण्यातही धोका असतो. १९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले, पुढे मोठी इमारत झाली आणि तिच्याबरोबर कर्जही झाले. अखेरीस ती वास्तू लिलावात गेली. १९३१ च्या २१ ऑगस्टला मिरजेस पंडितजींचे देहावसान झाले. इमारत गेली, पण शिष्यांचे जाळे राहिले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास या मंडळाचे ‘संगीत कला विहार’ सुरू झाले. मिरजेचेच प्रा. बा. र. देवधर त्याचे संपादक. थोर गवयांवरचे त्यांचे लेख त्यातून येत. पुढे ते ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आले. जिथे मंडळाचे परीक्षाकेंद्र, तिथे मासिकाचा वाचक. वर्गणीदार शोधायला दूर जावे लागले नाही. तो तंबोरा लावून बसलेलाच होता.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची रीत याहून वेगळी. ते वकिलीचा अभ्यास केलेले, हिशेबी आणि शांत. त्यांनी स्वरलिपी अशी योजिली की साध्या खिळ्यांत ती बसावी : कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. प्रकाशनाचा भार त्यांचे स्नेही भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी उचलला. १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे मराठी भाग निघू लागले. सुकथनकरांना विषयाची आस्था होती आणि लेखकावर विश्वास. प्रकाशकाला याहून मोठे भांडवल कोणते?

पण मराठी ग्रंथ उत्तर हिंदुस्थानात कसा जावा? ते काम केले एका लहान गावाने. हाथरस हे उत्तर प्रदेशातले व्यापारी गाव. तिथल्या प्रभुलाल गर्गांना आपण काका हाथरसी या नावाने, हास्यकवी म्हणून ओळखतो. त्यांनी १९३२ साली संगीत कार्यालय काढले आणि १९३५ पासून ‘संगीत’ हे मासिक. स्वतः ‘वसंत’ या नावाने ‘संगीत विशारद’ लिहिले आणि भातखंड्यांचे ग्रंथ हिंदीत आणले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता सोडून उत्तरेतल्या संगीत-विद्यार्थ्याने हाथरसचा पत्ता पाठ केला! प्रकाशक मोठ्या शहरातलाच हवा, हा आपला समज हाथरसने खोटा ठरविला.

मराठवाड्याला ही गोष्ट विशेष सांगावी लागते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. टपालखातेसुद्धा निजामाचे निराळे, ते १९५० साली भारतीय टपालात विलीन झाले. पुण्यामुंबईकडून काही यावे आणि आम्ही ते घ्यावे, ही सवय तेव्हापासूनची. आपल्याकडून काही जावे, ही कल्पना अजून अंगवळणी पडलेली नाही.

हे सारे पाहून मी त्या विद्यार्थ्यांपुढे चार कसोट्या ठेवल्या. पहिली, प्रकाशकाला एक बंदिश द्या आणि तिचे मुद्रित पाहा. कोमल गंधाराखालची रेघ जर निसटली असेल, तर त्याची दुकाने कितीही असोत, तो आपला नव्हे. दुसरी, त्याला दुकाने किती आहेत हे न विचारता गाणे शिकणाऱ्यांचे पत्ते किती आहेत हे विचारा. संगीतशिक्षक, भजनी मंडळे, परीक्षाकेंद्रे, शाळा यांची यादी शंभर नावांची असली तरी ती हजार अनोळखी प्रतींपेक्षा मोलाची. तिसरी, हिशेब : सूट किती, टपालखर्च कोणाचा, न खपलेल्या प्रती कोणाच्या, पैसे किती महिन्यांनी, हे सारे लेखी हवे. नियतकालिकाची नोंदणीही करावी. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा आला आहे, त्याची माहिती ज्याला नाही त्याच्याकडून वितरण काय होणार?

चौथी कसोटी हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. करारात मुदत लिहिलीच नाही तर ती पाच वर्षे धरतात. म्हणजे ‘कायमचे’ हा शब्द कायद्याने आपल्यावर लादलेला नसतो, आपणच त्याखाली सही करतो. आणि परंपरेने चालत आलेली ओवी तर कोणा एकाची मिळकत नव्हेच. मुलांनी केलेले स्वरलेखन त्यांचे, ओवी मात्र साऱ्या गावाची. प्रकाशकाला एका अंकापुरता छापण्याचा आणि विकण्याचा हक्क पुरे. गाणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने ओवीखाली छापावे आणि पहिली प्रत तिच्या हाती द्यावी.

मुलांनी तो करारनामा सही न करता परत पाठविला. जिल्ह्यातल्याच एका लहान छापखान्याशी त्यांची बोलणी चालू आहेत; तिथला माणूस सायंकाळी भजनात पेटी वाजवितो, एवढीच त्याची मोठी लायकी. मला ती पुरेशी वाटते. दासोपंतांच्या शिष्यांपासून मंडळाच्या परीक्षाकेंद्रांपर्यंत मला एकच गोष्ट दिसली : गाण्याचे मासिक तगले ते दुकानाच्या फळीवर नव्हे, शिकणाऱ्याच्या मांडीवर. ज्याला त्या मांडीचा पत्ता ठाऊक, तोच त्याचा खरा प्रकाशक.